चालू गाडीची वायर

प्रिय श्रीशैल,

जुळे सोलापूरहून विजापूर वेशीला यायला तुला वीस मिनिटं लागतात, तरी पत्र लिहितेय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे मधेच तोडून चालणार नाही.

अप्पा बरे आहेत. अंघोळ, पूजा उरकून गॅरेज उघडून देतात आणि स्टुलावर बसतात. आठ महिने झाले, पान्याला हात लावलेला नाही. गिऱ्हाईक काही विचारायला आलं की माझ्याकडे बोट दाखवतात. चाळीस वर्षं नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस तू एका वाक्यात बसवलास. घरी जाऊन तू पोटभर जेवलाही असशील.

मैंदर्गीचं सासर सोडून मी माहेरी आले आणि अप्पांच्या हाताखाली काम शिकू लागले, तेव्हाही तुझं तोंड वाकडंच होतं. बाईमाणसानं ग्रीसमध्ये हात घालणं तुला शोभेना. शेवटी अट घातलीस, अक्काकडून एक जरी गाडी बिघडली तरी तिला घरी बसवायचं. अप्पा हो म्हणाले. माझी भाकरी त्या एका शब्दावर टांगलेली होती, हे तुला तेव्हाही ठाऊक होतं.

मग रुद्रप्पांची नवी मोटारसायकल आली. आठवडा गेला की तिची बॅटरी झोपायची. तू कामाला आहेस त्या शोरूमनं दोनदा बॅटरी बदलून दिली होती. पोटात कळा येणाऱ्याला दोनदा नवं अंथरूण घालून द्यावं, तसला इलाज. रुद्रप्पांनी माझ्याकडे बघून अप्पांना विचारलं, बाईला जमतं का हे, आणि समोर चहाला गेले. परतले तेव्हा गाडी बंद पडलेली आणि बॅटरीची सुटी वायर अप्पांच्या हातात. चालू गाडीची वायर काढून बघायची, इंजिन चालत राहिलं तर चार्जिंग ठीक, ही जुन्या गाड्यांची परीक्षा. नव्या गाडीचा कॉम्प्युटर त्यानं जळतो. तू आलास, बघितलंस, आणि रुद्रप्पांसमोर, चहावाल्यासमोर म्हणालास, "अप्पा, तुमचे दिवस संपले की. पाना ठेवा आता खाली." त्यांनी ठेवला.

तुला कुणी सांगितलं नसेल, पण कॉम्प्युटर नवा बसवूनही ती बॅटरी उतरतच होती. रुद्रप्पा गुपचूप माझ्याकडे आले. मी मीटर लावला. बंद गाडीला साडेबारा व्होल्ट. सुरू करून रेस दिली की चौदापर्यंत चढायला हवं, पण आकडा जागचा हलेना. इंजिनची वीज ज्या रेग्युलेटरमधून बॅटरीला जाते, त्याचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, उघडला तर आत पिना जळून काळ्या. तुमच्या शोरूममध्ये कुणी तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. मला मात्र अप्पा स्टुलावरून एकेक पायरी सांगत होते. आधी मीटर, मग कप्लर, बॅटरीला बोल लावायचा तो सगळ्यात शेवटी. हात तेवढे मांडीवरून उचलले नाहीत.

परवा तू येऊन म्हणालास, गॅरेजची जागा मोबाईलवाल्याला देऊन टाकू, अप्पांना आता होत नाही. त्यांनी मान डोलावली. तुझ्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला तुझा इतका राग आला, की आतल्या खोलीत जाऊन बसले. सोमवारी कागदावर सही आहे. त्याआधी हे तुला कळलंच पाहिजे.

वायर मी काढली होती, श्रीशैल. अप्पा मीटर आणायला आत गेले होते. नव्या गाडीला असं करायचं नाही, हे त्यांनीच मला शंभरदा बजावलं होतं. पण बाईला जमतं का, हे शब्द डोक्यात गेले. रुद्रप्पा चहा पिऊन येईपर्यंत दुखणं शोधून दाखवायचं होतं. अप्पा बाहेर आले, वायर माझ्या हातातून काढून घेतली आणि कानडीत एवढंच म्हणाले, "सुम्निरु." गप्प राहा म्हणाले, मी राहिले. आठ महिने तुझा राग करत राहिले, कारण तो थांबवला असता तर स्वतःचा करावा लागला असता. आता ये. रुद्रप्पांनाही बोलावते. तिथंच उभा राहून, चहावाल्याला ऐकू जाईल असं, तेच वाक्य मला म्हण. मी पाना खाली ठेवीन. अप्पांना त्यांचा उचलू दे.

तुझीच,
चंद्रिकाक्का