डमी रिपेअरला गेली

६ जानेवारी
नर्सिंग असिस्टंटच्या क्लासला नाव घातलं. नाहूर स्टेशनजवळ आहे. क्लास तीन महिन्यांचा, सुरू होऊन दोन महिने झालेत. मला काय फरक पडतो. सासू चार वर्षं अंथरुणात होती, सगळं मीच केलं. ती दिवाळीत गेली. आता घरात कोणाची कूस बदलायची नाही. मुलुंडच्या हॉस्पिटलातली सिस्टर म्हणाली, सर्टिफिकेट आण, लगेच कामाला लावते. महिन्याभरात आणते.

७ जानेवारी, संध्याकाळ
दहा पोरी, सगळ्या विशीतल्या. पाच जोड्या, पहिल्या दिवसापासून ठरलेल्या. मी अकरावी. माधुरी मॅडम म्हणाल्या, सरावाच्या डमीची मान मोडलीय, रिपेअरला दिलीय, तोवर सुगंधाताई तुम्ही पेशंट व्हा. आल्या आल्या जबाबदारीचं काम. सगळ्या माझ्याभोवती उभ्या.

९ जानेवारी
श्वेताने बीपी घेतलं, प्रियंकाने नाडी मोजली. बहात्तर, नॉर्मल. वहीत लिहिलं. श्वेता म्हणाली, काकी तुम्ही मस्त पेशंट आहात, अजिबात हलत नाही. दोन दिवसांत चांगलं मत झालंय.

१४ जानेवारी
तिळाचे लाडू नेले. पोरींनी खाल्ले, फोटो काढून ग्रुपवर टाकले. मी ग्रुपवर नाही. श्वेताला म्हटलं घाल मला. ती म्हणाली ॲडमिन प्रियंका आहे. प्रियंका म्हणाली, तो अभ्यासाचा ग्रुप आहे काकी. बरोबर आहे. पेशंटला काय करायचाय.
तशी मला फोनची आवड नाही.

२० जानेवारी
ठरवलं. उद्या मॅडमना तोंडावर सांगणार, बीपीचं मशीन माझ्या हातात द्या. मी कोणाला घाबरत नाही.

२१ जानेवारी
सांगितलं नाही. आज स्पंज बाथ होता. ओल्या अंगाने काय भांडायचं. नंतर श्वेताने वेणी घालून दिली, तेही शिकायचं असतं. माझा डोळा लागला. मॅडम म्हणाल्या, झोपू द्या.

२२ जानेवारी
उद्या नक्की सांगणार.

२९ जानेवारी
परीक्षा चार तारखेला. पुस्तक उघडलं. अक्षर बारीक आहे. सातवीनंतर पुस्तकाशी संबंध नाही. पण मला सगळं पाठ आहे. बाही कधी वर करायची, कूस कधी बदलायची, जीभ कधी काढायची. पोरी अजून चुकतात. मी एकदाही चुकले नाही.

४ फेब्रुवारी
परीक्षा. बाहेरचे सर आले होते. माझा नंबर आला. बेडशेजारी श्वेता उभी. सर म्हणाले, चला, पेशंटचं बीपी घेऊया. मी चप्पल काढली. बेडवर आडवी झाले. बाही वर केली.
कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
सर म्हणाले, "ताई, उठा. पेशंट ही आहे."
मग श्वेता झोपली. मी तिच्या हाताला पट्टा उलटा बांधला.
जिन्यात श्वेताने गाठलं. "काकी, बोलायचं ना. आम्ही शिकवलं असतं."
मी म्हटलं, मला येतं.

६ फेब्रुवारी
दहा पास. मी सोडून. पोरींनी केक कापला, मलाही तुकडा दिला. सर इंग्लिश मीडियमचे असणार, त्यांना आपलं काम कळत नाही. मॅडम म्हणाल्या, सोमवारी नवीन बॅच आहे, पहिल्यापासून बसा. म्हणजे आता मी सीनियर.

९ फेब्रुवारी
डमी आली. मान नवी बसवलीय. बेडवर ती. नवीन बॅचमध्ये बारा पोरी, सहा जोड्या. मी तेरावी. मॅडम म्हणाल्या, सुगंधाताई, आता तुम्हाला झोपायला नको, तुम्ही बघा.
बघितलं. मधल्या सुट्टीत सगळ्या डबे घेऊन गेल्या. मी डमीचं मनगट धरून बसले. नाडी लागली नाही. चादर नीट केली आणि घरी आले.
कुकर लावला. मग स्वतःचं मनगट धरलं. घड्याळ समोर होतं. एक मिनिट पूर्ण मोजलं.
बहात्तर. नॉर्मल.