लाल टिकलीची बटणं

नागपूर, ४ जानेवारी २०२५

चि. सुमनास ताईचे अनेक आशीर्वाद.

शैलेंद्र बायको-मुलीला घेऊन केरळला गेला आणि तुला भोपाळच्या थंडीत एकटीला ठेवलं, हे ऐकून मला घास गिळवेना. गिझर, हीटर, कॅमेरा, सगळं म्हणे फोनवर चालतं! तू चौथी शिकलेली, काही बिघडवलंस तर तो सहल अर्धी टाकून धावत येईल. त्यापेक्षा तूच इकडे निघून ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
सुचेताताई


इंद्रपुरी, भोपाळ, ११ जानेवारी २०२५

ती. ताईस सुमनचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. अगं, तू लिहिलंस तसंच होणार होतं! आमची स्वरदा मुन्नारमधून फोनवर बोट लावते आणि इथे सहाला माझं अंघोळीचं पाणी कढत. नातीचं हे कौतुक मी बिट्टन मार्केटात भाजीवालीलासुद्धा सांगितलं. मटार काय गोड आलाय म्हणून सांगू! असो.

पण मला मेली सवय, बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची. हे कारखान्यातून आले की आधी तेच बघायचे ना. मंगळवारी मारुतीला जाताना गिझरचं बटण बंद केलं, इंटरनेटच्या डब्याचंही. फोन विसरला घरी. तिकडे कॅमेऱ्यात अंधार, मी फोन उचलेना. शैलेंद्रनं शेजारच्या दिगंबरभाऊंना पळवलं, आणि दाराला कुलूप ऐकून विमानाची तिकिटंच बघायला बसला.

मी परतले तर दिगंबरभाऊ दारात. म्हणाले, मी बघतो. म्हटलं, बसा हो, चहा घ्या, मीच बघते. डब्याचं बटण लावलं, हिरवा दिवा आला, मग गिझरचं. मग स्नेहा सूनबाईच्या पाकिटातल्या लाल टिकल्या काढून त्या बटणांवर चिकटवल्या. टिकली दिसली की हात लावायचा नाही! स्वरदाला फोटो पाठवला, तर म्हणाली, आजी, हे मला नसतं सुचलं.

शैलेंद्र आधी रागावला, मग त्यानं तिकिटं बघणं सोडलं. हे गेल्यापासून आठ वर्षं तो मला सोडून एक रात्र कुठे राहिला नव्हता. काल फोनवर विचारतो, स्नेहाला कन्याकुमारी बघायचीय, आणखी दोन दिवस राहू का? मला विचारत होता गं! म्हटलं, चार राहा.

तेव्हा ताई, आत्ता नागपूरला येणं जमत नाही. घर माझ्यावर आहे.

माया आहेच तुझी, ती अशीच राहू दे.
तुझी सुमन