झोपेत उचललेलं मशीन

आमच्या घरचे मानाचे पाहुणे, जावईबापू यांस सासऱ्याचा मागच्या खोलीतून नमस्कार. (आशीर्वादच लिहिणार होतो, पण पुढचा मजकूर वाचल्यावर आशीर्वाद देण्याचा माझा अधिकार तुम्हाला शंकास्पद वाटेल, म्हणून नमस्कारावर भागवतो.) आपली पाठदुखी उतरली असेल आणि ऑफिसातली ती खुर्ची एकदाची बदलून मिळाली असेल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण कामाला नाही म्हणत नाहीत. तुमच्या सासूबाईंची तब्येत ठणठणीत असून आवाज त्याहून ठणठणीत आहे. वर 'आपली' लिहिलं ते मानाखातर. पत्र लांबणार असं दिसतंय, तेव्हा इथून पुढे 'तुम्ही'वर उतरतो, राग नसावा.

परवा आमच्या लेकीचा फोन आला. सुट्टीत ती आणि नात येणार, पण तुम्ही येणार नाही म्हणाली. का, म्हणून विचारलं तर म्हणते, बाबा, तुम्ही नवा कॉम्प्युटर घेतलात, आता तुमचं काही बिघडणार नाही, मग यांचं तिथे काय काम? हे ऐकून तुमच्या सासूबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तुम्हाला दारातून परत पाठवलं होतं. वास्तविक नव्या कॉम्प्युटरचा हट्ट त्यांचाच. गेल्या खेपेला तुम्ही आलात, बूट काढायच्या आत मी तुम्हाला मागच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं, आणि तुमच्यासाठी आणलेला चहा तिथेच पुन्हा पुन्हा गार झाला, हे त्यांना फार लागलं. जावई येतो तो दोन घास सुखाने खायला, तुमची खटारी हाकायला नव्हे, असं मला सुनावून त्यांनी घरात कायदाच केला: यापुढे जावयाला कामाला लावायचं नाही. म्हणून मी सगळं स्वतःच्या हाताने करायला गेलो. तुम्ही नसलात की इथे काय होतं ते तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी सविस्तर लिहितो.

तुम्हाला माहीत आहेच, पण हे पत्र आमची लेक मोठ्याने वाचणार आणि नात मध्ये मध्ये प्रश्न विचारणार, म्हणून थोडं मुळापासून सांगतो. नावाच्या पाट्या कोरायचं आपलं यंत्र जुनं. ते एकाच प्रोग्रामचं ऐकतं, आणि तो प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरवर चालतो तसला आता कुणी बनवत नाही. यावर तुम्ही तोड काढलीत. तो जुना कॉम्प्युटर अख्खाच्या अख्खा दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात घातलात. बाहेर एक, आत एक. आतल्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ते प्रत्यक्षात कुठेच नसतं, पण काम करतं. (माझ्या थोरल्या भावाचं नेमकं उलटं आहे.)

आता तो बाहेरचा कॉम्प्युटरही म्हातारा झाला. त्याचा पंखा असा घोरायचा की गिऱ्हाईक विचारायचं, आत कोण झोपलंय? म्हणून नवा आणला. तुम्ही मागे एकदा म्हणाला होतात की आतलं मशीन म्हणजे शेवटी एक फोल्डर, त्यातल्या सगळ्या फाइली उचलून दुसरीकडे ठेवल्या की झालं. हे वाक्य मी लक्षात ठेवलं होतं. त्यातला 'सगळ्या' तेवढा गळला. फोल्डर उघडलं तर आत एक अजस्र फाइल आणि तिच्याभोवती चिल्लीपिल्ली, नावंही धड नाहीत. जन्मभर पितळेचा कीस झाडत आलो, त्यामुळे मोठ्या तुकड्याभोवती बारीकसारीक काही दिसलं की तो कचरा, हे माझा हात मला न विचारता ठरवतो. मी मोठी फाइल तेवढी घेतली. नव्या कॉम्प्युटरने तिला ओळख दिली नाही. मग चूक उमगून सगळं फोल्डर कॉपी केलं.

या वेळी नाव आलं, शेजारी छोटं चित्रसुद्धा आलं. मी जिथे काम सोडून उठलो होतो तो पडदा, त्यावर दातांच्या डॉक्टरांची अर्धी पाटी. मला इतका आनंद झाला की मी तुमच्या सासूबाईंना हाक मारून बोलावलं. (ही माझी नेहमीची चूक. आधी करून बघावं, मग बोलवावं.) त्या पदराला हात पुसत आल्या, मी बटण दाबलं, हिरवी पट्टी सरसर धावत टोकाला पोचली, तिथे थबकली, इंग्रजीत एक लांबलचक वाक्य उमटलं आणि पडदा काळाठिक्कर. त्या म्हणाल्या, छान आहे, आणि गेल्या.

त्यानंतर मी जे उपाय केले ते सांगायला थोडी लाज वाटते. प्लग बदलला. बंद करून पुन्हा चालू केलं, मग जास्त वेळ बंद ठेवून पुन्हा चालू केलं. जुन्याची जागा खिडकीपाशी होती, कदाचित त्याला उजेडाची सवय असेल म्हणून नव्याला उचलून तिथे ठेवलं. हिरवी पट्टी दर वेळी त्याच उत्साहाने धावायची आणि त्याच जागी मान टाकायची. डॉक्टर रोज दवाखान्यात जाता जाता डोकवायचे आणि अर्धी पाटी बघून आपल्या गालाला हात लावायचे. त्यांच्या दारावर नाव नसल्यामुळे पेशंट शेजारच्या वकिलाकडे शिरून तोंड उघडून बसत होते म्हणे.

तुम्हाला फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. एक तर घरातला कायदा. दुसरं म्हणजे फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते दोघांनाही ठाऊक आहे. मी म्हणतो, बरंय ना? तुम्ही म्हणता, हो, तुमचं? मी म्हणतो, आहे. मग आपण दोघेही एकाच वेळी आमच्या लेकीला हाका मारतो.

तेव्हा मी कॉम्प्युटरच्या दुकानात जायचं ठरवलं. पडद्यावरचं इंग्रजी वाक्य त्याला दाखवायला हवं होतं, आणि माझं हस्ताक्षर मला स्वतःला लागत नाही. माझा हात वळणदार चालतो तो फक्त छिन्नी धरल्यावर. म्हणून पितळेचा एक उरलेला तुकडा घेतला आणि ते सबंध वाक्य, आकड्यांसकट, हाताने कोरलं. दुपार गेली, पण अक्षर झकास उतरलं. दुकानदाराने पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि कुठल्या कंपनीची आहे म्हणून विचारलं. बिघाडाबद्दल त्याला काही सांगता आलं नाही, पाटी मात्र त्याने मागून घेतली. ती आता त्याच्या गल्ल्यामागे झळकते आहे आणि लोकांना ते दुकानाचं ब्रीदवाक्य वाटतं.

घरी येऊन मान खाली घालून जेवत होतो, तेव्हा तुमच्या सासूबाईंनी सहज विचारलं, अहो, तुम्ही ते आतलं मशीन उचललंत तेव्हा ते जागं होतं का? आता हे आमच्या कारखान्याचं गुपित. माझ्या वडिलांचा नियम होता की संध्याकाळी उठताना एक अक्षर अर्धं कोरून ठेवायचं, म्हणजे सकाळी हात तिथूनच चालू लागतो, कुठून सुरू करू म्हणून घुटमळत नाही. मी तो नियम अजून पाळतो. त्यामुळे तुम्ही मशीन बसवून दिल्यापासून मी ते एकदाही बंद केलेलं नाही. रोज अर्ध्या अक्षरावर, तुम्ही दाखवलेल्या बटणाने, नुसतं झोपवतो. म्हणजे मी कॉपी केलं तेव्हा ते गाढ झोपेत होतं. हे मी सांगितलं तशी त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. आपल्या नातीचं काय होतं आठवा, म्हणाल्या. गाडीत झोपलेली तशीच उचलून आणली आणि आपल्या पलंगावर जाग आली की भिंती बघून जो टाहो फोडते, तो तिच्या आईच्यानेही थांबत नाही. तिकडेच नीट उठवा, तोंड धुवा, मग आणा.

मी जुना कॉम्प्युटर लावला. तो घोरला, कण्हला, पण आतलं मशीन तिथे मुकाट्याने जागं झालं. बंद करायचं तर काम संपवायला हवं, म्हणून वडिलांची मनोमन क्षमा मागून डॉक्टरांचं अर्धं अक्षर पुरं केलं, आणि मग आतलं मशीन रीतसर बंद केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यालाही खरं वाटेना बहुतेक, बंद व्हायला फार वेळ घेतला. मग सगळं फोल्डर, चिल्ल्यापिल्ल्यांसकट, पुन्हा नव्यावर नेलं. बटण दाबलं (या वेळी कुणालाही हाक न मारता), आणि त्याने तो जुन्या ढंगाचा सूर वाजवून डोळे उघडले. तो सूर मी विसरूनच गेलो होतो. सूर ऐकून तुमच्या सासूबाई न बोलावता आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. फार बरं वाटलं. डॉक्टरांच्या दारावर पाटी लागली आणि वकिलांनी मला आभाराची चिठ्ठी पाठवली.

तर असं झालं. तुमचा आमच्यावर लोभ आहेच, तो गार चहाने उणावला नसेल असं धरून चालतो. नातीला गोड पापा. खुर्चीचं तेवढं मनावर घ्या.

तुमचा सासरा,
पाट्यावाला

ता. क. : पत्र परत वाचलं तेव्हा ध्यानात आलं की सगळं सुरळीत झालं असं लिहून मी लेकीचंच म्हणणं खरं केलं. तसं करायचं नव्हतं. गेल्या खेपेला आपण मागच्या खोलीत बसलो होतो, तुम्ही पडद्याकडे बघत होतात, मी तुमच्या बोटांकडे, आणि मधेच तुम्ही तुमच्या वडिलांबद्दल बोलायला लागलात. जेवायच्या टेबलावर तुम्ही कधी तसं बोलला नव्हतात. मीही कधी काही विचारलं नव्हतं. ते बोलणं अर्धंच राहिलं आहे. मला तुम्ही यायला हवे आहात. मशीनसाठी नाही.

ता. क. दुसरा : तरी नुसतं समोरासमोर बसायचं म्हटलं की आपण दोघेही अवघडणार, म्हणून सोय केली आहे. पहिली, न उठणारी प्रत मी पुसलेली नाही. तुमच्या वाटणीची म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहे. ती अगदी पक्की बिघडलेली आहे, खात्री करून घेतली. सावकाश बघू. नाही उठली तरी चालेल. तुमच्या सासूबाईंना मात्र यातलं काही कळता कामा नये.

ता. क. तिसरा : लिफाफा आणायला मागच्या खोलीत गेलो. तुमच्या स्टुलावर त्यांनी जाड गादी शिवून बसवली आहे, आणि शेजारी चहाचा थर्मास धुऊन उपडा घातला आहे. तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. या.