‘बंद लिफ्ट’बद्दल माझं प्रामाणिक मत

३ जानेवारी, शुक्रवार

यंदा संकल्प एकच. खरं बोलायचं. चालणं, साखर सोडणं वगैरे किरकोळ गोष्टी दरवर्षी होतात (होत नाहीत), म्हणून या वेळी थेट मुळालाच हात घातला. मंजुषाला सांगितलं. ती म्हणाली, मग परवा माझ्या नव्या ड्रेसबद्दल जे बोललात ते काय होतं? संकल्प आजपासून लागू आहे, मागच्या तारखेपासून नाही, हे तिला समजावलं. तिने ड्रेस परत केला.

मोठी बातमी: पुढच्या शुक्रवारी दिग्दर्शक बन्सीधर आडुळकरांचा नवा थ्रिलर लागतोय. ‘बंद लिफ्ट’. किती वर्षांनी. कॉलेजात असताना त्यांचा ‘मागच्या दाराची कडी’ पाहून मी होस्टेलवर महिनाभर लाइट चालू ठेवून झोपलो होतो. रेक्टरांनी लेखी समज दिली. पुढे त्या पिक्चरवर मी दिवाळी अंकात लेख लिहिला. आडुळकरांनी तो फ्रेम करून पैठणच्या घरी लावलाय. लेख मोठा असल्यामुळे फ्रेम चार लागल्या.

तेव्हापासून ते म्हणतात, विश्वजीतराव, तुम्ही एकटे मला खरं सांगता. बरोबरच आहे. फक्त आजपर्यंतचं खरं सांगायला सोपं होतं, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

१० जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी

पाहिला.

करमाडहून सासू-सासरे डोळे तपासायला आले होते. त्यांनाही नेलं. प्रेक्षक म्हणजे आम्ही चौघं, एक जोडपं (पिक्चर बघत नव्हतं) आणि एक गृहस्थ, जे चुकून या स्क्रीनला आले होते. इंटरव्हलला त्यांना चूक कळली. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी विसरायचा प्रयत्न करतोय.

गोष्ट अशी: सातव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टमध्ये खून. दार आतून बंद. इन्स्पेक्टर म्हणजे आडुळकरांचे जुनेच हीरो. जिना चढताना त्यांना लागणारा दम अभिनयाचा आहे असं मी धरून चाललो. इंटरव्हलनंतर त्यांच्या विगचा भांग दुसऱ्या बाजूला गेला. खुनी शेवटच्या पाच मिनिटांत सापडतो. हा माणूस त्याआधी पिक्चरमध्ये एकदाही दिसलेला नाही.

सासरे (आप्पासाहेब) सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं बोलले, “ह्यो कोण हाय? ह्याला कवा दाखवला होता?”

सासूबाई म्हणाल्या, “तुमी झोपलते तवा आला आसंल.”

“मी नाय झोपलो. झोपलो आसतो तर बरं झालं आसतं.”

बाहेर आल्यावर मी त्यांना मोकळेपणाने मत विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, “एसी लई चांगला हाय, जावईबापू.”

माझं मत: वेगळा प्रयत्न.

(पळवाट. रोजनिशीत तरी नको.) पिक्चर वाईट आहे.

(घाई होतेय का? एकदाच पाहिलाय.) नाही. वाईट आहे. उद्या आडुळकरांचा फोन येईल. तेव्हा स्पष्ट सांगणार.

११ जानेवारी, शनिवार

फोन आला. मी पहिलं वाक्य पाठ केलं होतं: “सर, पिक्चर मला पोचला नाही.”

ते म्हणाले, “विश्वजीतराव, पेपरवाल्यांचं सोडा, ते मेले पहिल्यापासून जळतेत. तुम्ही बोला.” आणि गप्प झाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस फोनवर श्वास घेताना ऐकू येतो, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

मी म्हणालो, “लिफ्ट फार खरी वाटली.”

ते म्हणाले, तेच तर पाहिजे होतं. मग धीर करून मी म्हणालो की खुनी आधी अजिबात न दाखवणं हे फार धाडसाचं आहे. ते म्हणाले, हे फक्त तुमच्याच लक्षात येऊ शकतं.

नीट तपासून पाहिलं. लिफ्ट खरी होती. धाडसही होतं. म्हणजे दोन्ही वाक्यांत खोटं काही नाही. मंजुषाचं म्हणणं असं की मग खरं तरी कुठंय. तिला भाषेतल्या छटा कळत नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

ठरवलं: अशी गोष्ट समोरासमोरच बोलली पाहिजे. सुट्टी टाकून पैठणला गेलो. घराला लागून मोसंबीची बाग. अजून फळं हिरवी आहेत.

आडुळकर आंघोळीला गेले होते. तेवढ्यात रत्नमालाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. म्हणाल्या, “भाऊ, पिक्चर कसाय ते मला म्हायतीय. मी बी पाह्यलाय. ते आता दुसरा काढायचं म्हणतेत. बाग इकून. ही झाडं मी लावलीत, ते मुंबईला होते तवा. बोअर आटला तवा टँकर आणून जगवलीत. पण सातबारा त्यांच्या नावावर.”

मी म्हणालो, तुम्ही समजावून सांगा.

“आमचं नाय ऐकत ते. मी बोलले की म्हणतेत, तुला पिक्चरातलं काय कळतंय. तुमचं ऐकतेत. तुमी एकदा तोंडावर सांगा, की आता बास.”

मी शब्द दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कॉलेजात स्कॉलरशिप मिळाली तेव्हासारखं वाटलं. किती साधी गोष्ट आहे. एक वाक्य बोललं की एक बाग वाचते.

आडुळकर आले. अंगात नवा शर्ट. बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. आता संक्रांतीच्या दिवशी, त्यांच्याच हातचा लाडू तोंडात असताना, कडू बोलणं हे खरं असेल, पण योग्य असेल का? हा प्रश्न नैतिक आहे. पुढची बस येईपर्यंत सुटला नाही.

निघताना रत्नमालाबाईंनी भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली. त्यांना ती ‘हो’ वाटली असावी. तशी ती मध्ये कुठंतरी होती.

१९ जानेवारी, रविवार

व्हॉट्सअॅपवर सांगणं जास्त सभ्य. माणसाला एकांतात वाचता येतं. सकाळभर बसून मसुदा केला. फार कठोर. मऊ केला. फार मऊ झाला, त्यात पिक्चरचं कौतुक आहे असं मंजुषा म्हणाली. पुन्हा कठोर केला. मग लक्षात आलं की तिकडे ‘टायपिंग’ दिसत असणार, आणि ते सकाळपासून वाट बघत असणार.

अंगठा पाठवला.

त्यांनी लगेच हात जोडलेले तीन पाठवले.

२६ जानेवारी, रविवार

सुचलं. इतकं सोपं, की आधी का सुचलं नाही याचाच राग येतोय.

आपल्याकडे माणसाला ‘आता थांबा’ असं कुणी तोंडावर सांगत नाही. त्याचा सेवापूर्ती सोहळा करतात. हार, शाल, नारळ, चार भाषणं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस आपोआप घरी बसतो. मी ज्युनिअर कॉलेजात स्टाफ सेक्रेटरी. इतके लोक निवृत्त केलेत की झोपेत करू शकतो. आडुळकरांचा सेवापूर्ती गौरव करायचा. ‘बंद लिफ्ट’चं नावही काढायचं नाही. कुणाचं मन दुखावणार नाही, खोटं एक अक्षर बोलावं लागणार नाही, बाग वाचेल.

रत्नमालाबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एवढा खटाटोप कशाला, भाऊ. दोन शब्द तर बोलायचेत.”

त्यांना सांगितलं, शहरात याची एक पद्धत असते.

२ फेब्रुवारी, रविवार

धावपळ. कॉलेजचा हॉल मिळाला. गुलमंडीतून शाल आणली. दुकानदाराने विचारलं, निवृत्ती का एकसष्टी. निवृत्ती म्हटल्यावर त्याने न विचारता तपकिरी रंगाची काढली. बघा, अख्ख्या शहराला कळतं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत ‘सेवापूर्ती’. शंकेला जागा नको.

मंजुषाने विचारलं, मग तुम्ही स्वतः भाषणात काय बोलणार? म्हणालो, एकच वाक्य. “सर, आपण भरपूर दिलंत, आता विश्रांती घ्या.” ती म्हणाली, आरशासमोर एकदा म्हणून दाखवा. म्हणून दाखवलं. छान आलं. आरसा काहीच म्हणाला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी चारला

सोहळा पार पडला.

जसा घडला तसा लिहितो. हॉल बऱ्यापैकी भरला. (अकरावीची मुलं आणली होती. हजेरी लावतो म्हटलं होतं.) आडुळकर पांढऱ्या कुडत्यात, शांत. रत्नमालाबाई पहिल्या रांगेत. करमाडहून सासरेही आले, जेवण आहे म्हणून.

पहिले बोलले आमचे माजी प्राचार्य. म्हणाले, कलावंत कधी निवृत्त होत नसतो, ही तर दुसरी इनिंग. टाळ्या. ठीक आहे, म्हटलं, पहिला वक्ता असं बोलतोच. दुसरे आडुळ गावचे सरपंच. ते म्हणाले, साहेबांनी आता खऱ्या अर्थानं सुरुवात केली पाहिजे, गाव पाठीशी आहे. तिसरे रिटायर्ड बँक मॅनेजर. त्यांनी स्वतः निवृत्तीनंतर कविता सुरू केल्याचं सांगून दोन वाचल्या आणि म्हणाले, वय हा फक्त आकडा आहे. मागून सासऱ्यांचा आवाज आला, “मग गुडघे कशाला दुखतेत?” पण तो माईकवर नव्हता.

मग मी उठलो.

माझं वाक्य तयार होतं. शाल आडुळकरांच्या खांद्यावर घातली. त्यांनी माझा हात धरून ठेवला. रत्नमालाबाई मांडीवर नारळ घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मी माईक घेतला आणि म्हणालो:

“सर, आपण भरपूर दिलंत.”

इथपर्यंत बरोबर. पुढचा ‘आता’ हा शब्दही बरोबर आला. पण माझ्या जिभेने आजवर कॉलेजातले इतके लोक निवृत्त केलेत, की ‘आता’ म्हटल्यावर ती आपल्या सवयीच्या रस्त्यालाच वळली. “आता आपली दुसरी इनिंग सुरू होतेय. आडुळकर साहेब थकणाऱ्यांतले नाहीत. मराठी थ्रिलर आपली वाट पाहतोय.”

टाळ्या. मोठ्या. अकरावीच्या मुलांनी शिट्ट्याही वाजवल्या.

आडुळकर उभे राहिले. खिशातून कागद काढला. म्हणाले, “मी आज इथं निवृत्ती जाहीर करायला आलो होतो. घरी शेवटी तसा शब्द दिलाय. हे बघा, लिहून आणलंय. फ्लेक्स पाहिला तेव्हा म्हटलं, बरं झालं, लोकांनी आपणहून सुचवलं. पण आता तुम्ही सगळे, आणि विशेष म्हणजे विश्वजीतराव, ज्यांनी आयुष्यात मला कधी खोटं सांगितलं नाही...” त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग ‘बंद लिफ्ट: भाग दोन’ जाहीर केला.

पहिली टाळी कुणीतरी वाजवली. ती माझीच होती. सूत्रसंचालकाला सवय असते.

रत्नमालाबाईंनी नारळ शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि जेवायला न थांबता गाडीत जाऊन बसल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

शांत डोक्याने विचार केला. चूक कुणाची? प्रघाताची. आपल्या समाजात निवृत्तीच्या भाषणाचा साचाच सदोष आहे. यावर एक लेख लिहायला हवा.

मंजुषा म्हणाली, लेख नंतर, आधी पैठणला फोन. म्हणालो, लेख झाला की त्याची प्रतच पाठवतो. ती म्हणाली, “अहो, त्या बाईंची झाडं आहेत ती.” आणि कुकर लावायला गेली. तीन शिट्ट्या होईपर्यंत मी फोन हातात धरून होतो. चौथीला ठेवला.

२ मार्च, रविवार

आडुळकर भाग दोनची कथा ऐकवायला घरी आले. चेहरा दहा वर्षांनी तरुण. बागेला गिऱ्हाईक मिळालंय, व्यवहार पुढच्या महिन्यात. अजून वेळ आहे, हे मी मनात टिपून घेतलं. आज सांगणार. कुठल्याही परिस्थितीत.

कथा: पहिल्या भागातला खुनी खुनी नव्हताच. (सासरे असते तर म्हणाले असते, मग आला कशाला.) या वेळी दोन लिफ्ट आहेत.

संपल्यावर त्यांनी चष्मा काढला. “बोला. तुमच्या शब्दावर आहे सगळं. नाही म्हणालात तर आत्ता फोन करून व्यवहार मोडतो.”

यापेक्षा सोपी संधी माणसाला मिळत नाही, हे मला त्याही क्षणी कळत होतं. स्वयंपाकघरात मंजुषाने भांड्यांचा आवाज थांबवला.

मी म्हणालो, “पहिल्यापेक्षा चांगली आहे.”

त्यांनी मला मिठी मारली.

नोंद: हे वाक्य पूर्ण खरं होतं. संकल्प केल्यापासूनचं पहिलं निर्विवाद खरं वाक्य. मंजुषा संध्याकाळपासून बोलत नाहीये.

२३ मार्च, रविवार

पैठणहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरसोबत रत्नमालाबाईंनी मोसंब्यांची पिशवी पाठवली. चिठ्ठी वगैरे नाही. मला बरं वाटलं. म्हणजे राग गेला असावा. माणसं शेवटी समजून घेतात.

लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, पोचली का. म्हणालो, पोचली. म्हणाल्या, कशी निघाली.

म्हणालो, “अप्रतिम. साखर आहे नुसती. एवढी रसाळ मोसंबी आम्ही कधी खाल्ली नव्हती.”

पलीकडे कुठंतरी ट्रॅक्टरचा आवाज.

मग त्या म्हणाल्या, “भाऊ, मालक बदलायचाय म्हणून म्हैना झाला बागंचं पाणी तोडलंय. एका फोडीत रस नाय. आमी गुरांना टाकून ऱ्हायलोत. तुमी काय सांगता ते पाह्यचं होतं, म्हणून त्यातलीच पाठीवली.”

मी म्हणालो, मी अजून खाल्लेली नाहीत, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या...

“व्हय,” त्या म्हणाल्या. “ठिवते.”

फोन ठेवल्यावर एक सोललं. बाई बरोबर सांगत होत्या.