तेराव्याआधी वाचण्याचे

मी, पूर्णिमा आकाराम सरनोबत, वय ६१, निवृत्त परिचर्या शिक्षिका, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, डोके ठिकाणावर असताना आणि कुणीही न शिकवता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

हा कागद पाकिटात घालून कपाटात ठेवायचा नाही. माझ्या यजमानांनी तसे केले होते. २००१ साली ते घरीच गेले. मी कपाट उघडू लागले, तर पुतण्या अमरसिंह म्हणाला, "काकी, घरादाराचं तेराव्याला बघू की." मलाही पटले, हा माझा मूर्खपणा. तेराव्याला वाचले. पहिलेच कलम होते: माझे डोळे द्यावेत. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.

१. अमरसिंहची बायको शिवानी माझी विद्यार्थिनी. नेत्रदानावरच्या माझ्या प्रश्नावलीत तिला वीसपैकी वीस. फॉर्म पुढे केला तेव्हा म्हणाली, "मॅडम, पुढच्या जन्मी आंधळी झाले तर?" वर्गातल्या बेचाळीस जणींनी सुवाच्य अक्षरात 'श्रेष्ठ दान' लिहिले आणि फॉर्म एकीने भरला. यजमान गेले तेव्हा शिवानी उशाशीच होती. डोळे सुकू नयेत म्हणून पंखा बंद करावा, पापण्या मिटाव्यात, एवढेही तिला सुचले नाही. रडायचे तेवढे सुचले. तिची उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे, ती तिला द्यावी.

२. फॉर्म भरणारी यल्लव्वा. वीसपैकी सात. डोळे किती वेळात काढावेत, याचे उत्तर तिने 'लगोलग' असे लिहिले होते. मी शून्य दिले. ते उत्तर आता मला बरोबर वाटते. मी कॉन्व्हेंट शाळा सोडताना सिस्टरांनी मला दिलेली शिवणपेटी तिला. अजून त्या पेटीला तिथल्या शिवणवर्गातल्या साबणाचा वास येतो.

३. माझे डोळे नेत्रपेढीला. फोन यल्लव्वाने करावा. संमतीची सही मात्र नातेवाइकाचीच लागते, म्हणजे अमरसिंहची. त्याच्या अकलेवर माझा भरवसा नाही, या घरावरच्या त्याच्या प्रेमावर आहे. वेळेत सही केली तर घर त्याचे. नाही केली तर यल्लव्वाचे.

हे सगळे आज त्याला वाचून दाखवले. "आत्ताच सही करून टाकतो की, काकी," म्हणाला.

त्याला सांगितले, ती मी मेल्यावरच चालते. तोवर पेन खिशात ठेव.

सही: पूर्णिमा आ. सरनोबत
कोल्हापूर, ११ ऑगस्ट २००४

बाईंनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. गणपतराव इंगवले, शेजारी
२. शालूबाई माळवी, निवृत्त परिचारिका