पंप वाजला का?

१२ जानेवारी, रविवार
आपट्याला जाऊन आलो. नेहमीचंच. सकाळी गाडी काढायची, कर्नाळ्यावरून आपटा फाटा, नदीकाठी चहा, परत. साठी उलटलेल्या नवरा-बायकोला लाल, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार शोभत नाही असं गल्लीत म्हणतात. म्हणोत.

पळस्प्याजवळ मागून डंपर हॉर्न मारत होता. मारतच होता. विकास बाजू देईना. मी दंड धरून हलवला तेव्हा कुठे आरशात बघितलं. "इंजिनाच्या आवाजात कळलं नाही." आपलं इंजिन एवढं कधी वाजत नाही. ते तसं ठेवलंय यानेच.

चहावालीने विचारलं, "काका, साकर कमी घालू काय?" तर हा म्हणतो, "अठ्ठ्याहत्तरचं मॉडेल!" सगळे तेच विचारतात, म्हणून अंदाजाने ठोकून दिलं. मी तिथे हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
आपटा रद्द. गाडी अडखळत होती म्हणून वि. ट्यूनिंगला बसला. कार्बोरेटर दोन, दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी याच्याकडे हातभर काळा रबरी पाइप आहे. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आधी याची फुसफूस ऐकायची, मग त्याची, आणि स्क्रू पिळत दोन्ही सारख्या करायच्या. पेण-उरणहून लोक गाड्या घेऊन यायचे याच्या कानासाठी.

आज फार वेळ लावला. मग म्हणाला, झालं. सेल्फ मारला तर धाडकन बॅकफायर! समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"हल्लीचं पेट्रोलच तसलं," म्हणाला. पाइप खिळ्याला अडकवला. जेवला नाही धड.

२१ जाने., मंगळ.
एसटी स्टँडजवळ सलीमभाई भेटले. लेथवाले, याचे जुने दोस्त. "वहिनी, विकासभाई खफा आहेत काय आमच्यावर? दोनदा हाक मारली, वळूनसुद्धा बघितलं नाही."
"विचारात असेल हो," म्हटलं.
म्हणजे दोष पेट्रोलचा, इंजिनाचा, विचारांचा. कानांचा सोडून सगळ्यांचा. दिवाळीत मी एकदाच म्हटलं, कान दाखवून घे. भाऊबीज होईपर्यंत अबोला. परत तोंडावर बोलायची माझी छाती नाही.

पण मागच्या दाराने जाता येईल. कार्बोरेटर काढायचे, फ्यूल इंजेक्शन बसवायचं. हवा किती, पेट्रोल किती, ते कॉम्प्युटर बघेल. कुणी कान लावायला नको. मी तळोज्याला कारखान्यात जन्मभर इन्स्ट्रुमेंटेशनमध्येच होते. सेन्सर आणि वायरी हे माझं खातं.

२६ जाने., रविवार
सांगितलं. तर: "म्हणजे मी काय करायचं?"
हा प्रश्न येणार हे माहीत होतं. "पाने तुझे, वायरी माझ्या," असं काहीतरी म्हटलं.
"बसव. टीव्हीपण बसव, सीरियल बघत जाऊ आपट्याला."

संध्याकाळी खाली गॅरेजात गेले तर दोन्ही कार्बोरेटर स्वतःच उतरवून, पेट्रोलने धुऊन, माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळत होता. लेकीची झबली मी अशीच ठेवली होती. मी दारातूनच परत फिरले.

९ फेब्रु., रविवार
काम जोरात. सलीमभाईंनी लेथवर प्लेट करून दिली, कार्बोरेटर होते तिथे आता इंजेक्शनचे भाग बसलेत. एक्झॉस्टच्या पाइपात सेन्सरसाठी बोल्टाएवढी जागा वेल्ड केली. टाकीत जोराचा नवा पंप. वि.ने पेट्रोलच्या नळ्या अशा वळवल्यात की बघत राहावं. त्याला सांगितलं तसं. "ऊं," म्हणाला, पण खूश होता.

मला एक सवय लागली आहे. समोर जायचं, तो वर बघेपर्यंत थांबायचं, मग बोलायचं. मध्ये इंजिन असलं की ते आपसूक होतं. कालच मला म्हणाला, "तोंडात स्क्रू धरून बोलत जाऊ नकोस." का, ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

या दोन आठवड्यांत आम्ही जेवढं बोललो तेवढं गेल्या वर्षभरात बोललो नसू. सासूबाई असताना अहो-जाहो होतं, ते सुटल्यावरसुद्धा एवढं नाही. काम संपू नये असं वाटतं.

१५ फेब्रु., शनिवार
पहिला सेल्फ. किल्ली फिरवली की आधी टाकीतला पंप दोन सेकंद घुंई करतो, पेट्रोलला दाब येतो, मग सेल्फ. मी किल्लीशी, वि. मागे टाकीजवळ. मी मान बाहेर काढून ओरडले, "पंप वाजला का?"
त्याने हसून अंगठा वर केला. "वाजला!"

सेल्फ. नाही. परत सेल्फ. नाही. बॅटरी बसेपर्यंत मारत राहिलो.
"तुझ्या वायरीत असेल काहीतरी," म्हणाला. जरा बरंच वाटलं असणार त्याला. मला राग आला.

१७ फेब्रु., सोम.
काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत सगळ्या वायरी उसवल्या. ठिणगी ठीक. सेन्सर ठीक. पंप वाजलाय म्हणजे पेट्रोलही ठीक. मग चालू का होत नाही? कॉम्प्युटरला नाही नाही ते बोलले.

दुपारी गॅरेजातला एप्रन धुवायला काढला. खिशात पंपाचा फ्यूज. वायरिंग करताना मीच काढून ठेवलेला.

म्हणजे पंप वाजलाच नव्हता. वाजणं शक्यच नव्हतं.

पायरीवर बसले. आधी संताप. दोन दिवस गेले माझे! मग तो वर केलेला अंगठा आठवला, आणि ते हसू. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने उत्तर दिलं होतं, जसं चहावालीला दिलं. मला रडू आलं. खूप आलं.

फ्यूज बसवत होते तेवढ्यात तो चहा घेऊन आला. "सापडलं?"
"एक वायर उलटी होती."
त्याने माझ्या हाताकडे बघितलं, फ्यूजच्या डबीकडे बघितलं. कप ठेवून वर गेला.

१८ फेब्रु., मंगळ.
सकाळी पोहे खाताना, मान वर न करता: "वायर नव्हती. फ्यूज होता."
मी लिंबू पिळत राहिले.
"मला नाही ऐकू आलं, मधू. पण तू जोडलायस म्हणजे वाजलाच असणार, असं वाटलं."

त्याच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच: "डावा तर गेल्यातच जमा आहे. सलीमला सांग, खफा नाही म्हणावं."
मी म्हटलं, "डॉक्टर..." तर लगेच हात धुवायला उठला. बरोबर ऐकू आलं ते!

२३ फेब्रु., रविवार
आज "वाजला का" विचारलंच नाही. त्याचा हात धरून तळवा टाकीवर ठेवला आणि किल्लीशी येऊन बसले. किल्ली फिरवली. आरशात बघत होते. आधी काही नाही, मग त्याच्या भुवया वर गेल्या. मान हलवली. ही खरी मान होती.

सेल्फ. एका झटक्यात चालू. चोक नाही, अडखळणं नाही. मी आत बसून टाळ्या वाजवल्या, वेड्यासारख्या.

तो पुढे आला. खिळ्यावरचा पाइप काढला. मी हातानेच खूण केली, आता कशाला? ऐकलं नाही, म्हणजे बघितलंच नाही माझ्याकडे. पाइप उजव्या कानाला, डोळे मिटलेले, आधी हवेच्या एका तोंडाशी, मग दुसऱ्याशी. खूप वेळ. "सारखे आहेत," म्हणाला. खरंच ऐकू आलं की माझ्यासाठी म्हणाला, कळायला मार्ग नाही.

मग इंजिन बंद करायला लावलं. स्टुलावर बसला, पाइप कानात तसाच, दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. "बोल."

एवढं साठलेलं, आणि तोंडातून काय निघालं? "चहा घेणार का?" एवढंच म्हटलं, सवयीने ठणाणा.
"अगं, ओरडतेस काय! ऐकू येतंय मला!"
हसता हसता माझे डोळे भरले. त्याचेही.

मग हळू, अगदी हळू, पाइपात म्हटलं, "बुधवारी कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. येशील?"
त्याने पाइप कानातून काढला, टोकातून आत बघितलं. "कचरा अडकलाय वाटतं यात."
पाइप गुडघ्यावर झटकला, फुंकर मारली, आणि परत कानाला लावून, दुसरं टोक माझ्यापुढे धरून बसला.