ग्रिलची कॉइल आणि करमाडचा आतेभाऊ

रविवार, ७ डिसेंबर
बिल्ट-इन ओव्हनची वरची ग्रिलची कॉइल सुटून खाली लोंबतेय. आज पनीरवर टेकली. पनीरचा कोळसा. रत्नमाला म्हणाली, "बिभीषणकडं फोन करू का? अर्ध्या तासाचं काम आहे."

बिभीषण म्हणजे बायकोचा आतेभाऊ. राहतो करमाडला, शेंद्र्यात कंपनीत आहे. लग्नाआधी त्या दोघांचं जमवायचं घाटत होतं. ती अजून त्याला नुसतं बिभीषण म्हणते. दादा लावत नाही. बारा वर्षं ऐकतोय.

म्हणालो, गरज नाही, एका स्क्रूचं काम, उद्या करतो. पुढच्या रविवारी तिच्या शाळेतल्या मैत्रिणी जेवायला येणार आहेत, ग्रिल त्यांच्यासाठी हवंय. सात दिवस आहेत. भरपूर झाले.

सोमवार, ८ डिसेंबर
ऑफिसमुळे जमलं नाही. पण तीन व्हिडिओ पाहिले. विषय पूर्ण समजला. आता फक्त करायचं बाकी.

बुधवार, १० डिसेंबर
मुकुंदवाडीतून नवा स्क्रूड्रायव्हर आणला. आधी मेन स्विच बंद. (बिभीषण असलं काही पाळत नसणार.) कॉइलचा स्क्रू आवळायला गेलो तर नुसता फिरतच राहिला. मग निघाला आणि मागच्या फटीतून आत पडला. प्रगती आहे. बिघाड नेमका कुठं आहे ते कळलं.

गुरुवार, ११ डिसेंबर
रत्नमाला फोनवर हसत होती. फोन ठेवून म्हणाली, "करमाडचा होता." मी विचारलंच नव्हतं. मग सांगितलं का? मी जळत वगैरे नाही. बोलणं साडेसहा मिनिटं चाललं, हे घड्याळाकडं सहज लक्ष गेलं म्हणून कळलं.

शनिवार, १३ डिसेंबर. सकाळी ११
रत्नमाला बाजारात. ती यायच्या आत अख्खा ओव्हन कपाटातून ओढणार, मागून आत पडलेला स्क्रू काढणार. चार स्क्रूंवर तर आहे. कोण बिभीषण?

शनिवार, संध्याकाळी ५
ओव्हन जड निघाला. अर्धा बाहेर आला आणि कलला. खाली गुडघा लावला, दोन्ही हातांनी धरला आणि तसाच उभा राहिलो. पाऊण तास. खिशात फोन वाजत होता, घेणार कसा? रत्नमाला आल्यावर सांगितलं, तपासणी चालू आहे. तिनं खाली टेबल सरकवलं आणि सरळ करमाडला फोन लावला. मी हरकत घेतली. पाय बधिर झाल्यामुळं ती ठामपणे घेता आली नाही.

रविवार, १४ डिसेंबर
सकाळी आठलाच बिभीषण हजर. हातात हत्यारांची पेटी, मागं त्याची बायको दीपमाला. मी ठरवलं होतं, पाणी द्यायचं, चहा विचारायचा नाही.

त्यानं पेटी दीपमालापुढं ठेवली आणि स्वतः सोफ्यावर बसला. ती आयटीआय झालेली आहे म्हणे. तिनं ओव्हन बाहेर काढला, थोडा जाड स्क्रू लावला, कॉइल वर दाबून क्लिपमध्ये बसवली. पंचवीस मिनिटांत ग्रिल लालभडक.

बिभीषणला विचारलं, तुम्ही का नाही केलं? म्हणाला, "दाजी, मला कुठं येतंय? मी कंपनीत स्टोअरला हाय. घरचा बल्ब सुदीक दीपाच बदलती."

लई बरं वाटलं. चहा दिला. सोबत बिस्किटं. बारा वर्षांत माणूस पहिल्यांदाच आवडला.

मग राहवलं नाही. सगळ्यांसमोर हसत हसत रत्नमालाला विचारलं, तेव्हा यांना नकार का दिला होतास?

ती ट्रे पुसत म्हणाली, "त्याला हातानं कायच करता येत नव्हतं. आन् तुम्ही मला बघायला आलात तेव्हा म्हणालात, घरातली प्रत्येक वस्तू मी स्वतः दुरुस्त करतो."

दीपमाला हसू दाबत पेटी आवरायला लागली. बिभीषण मात्र हसला नाही. त्यानं माझ्याकडं फार मायेनं पाहिलं आणि सोफ्यावर जरा सरकून मला जागा करून दिली.